सोबिबोरच्या मातीतलं लॉकेट

नमस्कार मंडळी,

उत्खनन म्हटलं की आपल्याला हडप्पा आठवतं, फार तर इनामगाव. पण ज्या काळाचे साक्षीदार आजही हयात आहेत, त्या काळासाठीसुद्धा माती उकरावी लागते, हे मला जर्मनीत आल्यावर कळलं.

पूर्व पोलंडमधल्या सोबिबोरच्या मृत्यूछावणीत नाझींनी १९४२-४३ मध्ये किमान १,७०,००० ज्यूंना ठार केलं. ऑक्टोबर १९४३ मध्ये कैद्यांनी उठाव केला. त्यानंतर नाझींनी छावणी जमीनदोस्त करून वर झाडं लावली. मागमूसच ठेवायचा नव्हता. २००७ पासून योराम हैमी आणि वोयचेख माझुरेक या पुरातत्त्वज्ञांनी तिथे खोदकाम केलं. २०१४ मध्ये विषारी वायूच्या कोठड्यांचा पाया सापडला.

मला बोलायचंय ते २०१६ मध्ये मिळालेल्या एका लॉकेटबद्दल. बायकांना जिथे कपडे उतरवायला लावून त्यांचे केस कापत, त्या बराकीच्या जागी ते सापडलं. जमिनीच्या फळ्यांच्या फटीतून खाली पडलं असावं. त्रिकोणी, चांदीचं. एका बाजूला हिब्रूत ‘मझल टोव्ह’, म्हणजे शुभेच्छा, आणि ३ जुलै १९२९ ही तारीख. खाली गावाचं नाव: फ्रँकफर्ट. हो, आपलंच फ्रँकफर्ट!

नाव मात्र कुठेच नव्हतं. संशोधकांनी ती जन्मतारीख फ्रँकफर्टहून हद्दपार केलेल्यांच्या याद्यांशी ताडून पाहिली आणि नाव मिळालं: कॅरोलिन कोन. ११ नोव्हेंबर १९४१ला तिला मिन्स्कच्या गाडीत चढवलं, तेव्हा ती बारा वर्षांची होती. तिथून तिचं लॉकेट पुढे सोबिबोरला पोचलं. ॲन फ्रँक याच शहरात तिच्या तीनच आठवडे आधी जन्मलेली, आणि तिच्याकडेही अगदी असंच लॉकेट होतं. ॲनला सारं जग ओळखतं. कॅरोलिनची ओळख पटायला चाळणीत आलेला हा दागिना लागला. मारेकऱ्यांनी पुसलेलं एक नाव त्याने परत मिळवून दिलं, म्हणून असं खोदकाम मला फार मोलाचं वाटतं.

तिला नेलं ते ग्रोसमार्कटहाले या जुन्या घाऊक बाजाराच्या इमारतीजवळून. आता तिथे युरोपियन सेंट्रल बँकेचा मनोरा आहे आणि २०१५ पासून स्मारकही. आपल्यातले कितीतरी जण त्या भागातून रोज कामाला जातात. बाजाराच्या ज्या तळघरात ज्यूंना गाडीत चढवण्याआधी गोळा करत, तो भाग ज्यू म्युझियमच्या मार्गदर्शित फेरीतच बघता येतो, त्यासाठी आधी नाव नोंदवावं लागतं. मोठ्या मुलांना घेऊन आपण मंडळातर्फे एकदा जाऊ या. ज्यांना यायचंय त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडे नावं द्या.