करवीरचा टक्का

[दृश्य : झेडपी शाळेचं फाटक. बाहेर रांग, सायकली, उसाचा रिकामा ट्रॅक्टर.]

२० नोव्हेंबर २०२४, विधानसभेचं मतदान. राज्याचा टक्का ६६ च्या आसपास थांबला. करवीरचा ८४ च्या वर गेला. राज्यात सगळ्यात जास्त.

करवीर म्हणजे कोल्हापूर शहर नव्हे. करवीर तालुक्यातली गावं, पन्हाळ्याचा काही भाग आणि अख्खा गगनबावडा. इथल्या माणसाला पक्ष विचारा, तो जरा थांबतो. गट विचारा, लगेच सांगतो.

[दृश्य : कारखान्याची चिमणी, गव्हाणीत पडणारा ऊस.]

कुडित्र्याच्या कुंभी-कासारी कारखान्याभोवती नरके गट, परित्याच्या भोगावतीभोवती पी. एन. पाटलांचा गट. २०१४ ला चंद्रदीप नरके ७१० मतांनी आले. २०१९ ला पी. एन. पाटील बावीस हजारांवर मताधिक्यानं. मे २०२४ मध्ये पी. एन. वारले, चिरंजीव राहुल काँग्रेसकडून उभे राहिले आणि शिंदेंच्या शिवसेनेचे नरके १,९७६ मतांनी निवडून आले.

आता हिशेब करा. तेव्हा एका केंद्राच्या यादीत दीड हजारापर्यंत नावं असायची. म्हणजे ७१० हे निम्म्या केंद्राचं अंतर. आणि १,९७६ चा निकाल फिरवायला ९८९ जणांनी बटण बदललं असतं तरी भागलं असतं. म्हणून पुण्याला नोकरीला असलेल्या पोराला आदल्या रात्रीच फोन जातो. इथले लोक याला चुरस म्हणत नाहीत, ईर्षा म्हणतात.

[दृश्य : झाडाखाली टेबल, त्यावर मतदार यादी.]

गटाचं हे टेबल २०२४ ला मतदान केंद्रापासून दोनशे मीटर लांब लागायचं. आत बसलेल्या पोलिंग एजंटला खूण केलेली यादी बाहेर नेता येत नाही, म्हणून बाहेरच्या टेबलावर दुसरी यादी असते. मतदार चिठ्ठी घेऊन गेला की नावापुढं टिक. दुपारी तीनला टिक नसलेली नावं गल्लीवार वेगळी निघतात आणि ज्याची गल्ली त्यानं घरी जायचं. मतदाराला भाड्याच्या गाडीतून आणणं हा गुन्हा आहे, हे टेबलावरच्या प्रत्येकाला पाठ असतं. पाळतात किती, तो भाग वेगळा.

उरलेल्या नावांत सगळेच घरी बसलेले नसतात. कुणी वारलेलं असतं, लग्न होऊन गेलेल्या लेकीचं नाव माहेरच्या यादीत तसंच असतं. नमुना ७ भरून नाव कमी करायचं काम घरच्यांना सुचत नाही. अशी नावं यादीत राहिली की टक्का आपोआप खाली दिसतो.

[दृश्य : पहाटेची शाळा, दिव्याच्या उजेडात यंत्र.]

मतदान सातला, पण एजंट साडेपाचलाच हजर लागतात. किमान ५० मतांचं अभिरूप, म्हणजे चाचणीचं मतदान होतं. त्यानंतर क्लोज, रिझल्ट, क्लिअर, याच क्रमानं बटणं दाबायची. गडबडीत क्लिअर राहिलं की ती मतं यंत्रात तशीच पडून राहतात आणि संध्याकाळी यंत्राचा आकडा १७-अ, म्हणजे मत देणाऱ्यांच्या नोंदवहीशी जुळत नाही. मोजणीला असं यंत्र बाजूला ठेवावं लागतं.

सहा वाजता जे रांगेत आहेत त्यांना केंद्राध्यक्षांच्या सहीच्या चिठ्ठ्या मिळतात, त्याही रांगेच्या शेपटाकडून. पुढून वाटल्या तर मागं नवी माणसं जोडली जातील. शेवटचं मत पडलं की नमुना १७-सी, म्हणजे केंद्रावरच्या मतांचा हिशेब भरला जातो आणि त्याची प्रत एजंटाला मिळते. खरा आकडा तोच. टीव्हीवरचा पाच वाजताचा टक्का अंदाजाचा असतो.

[दृश्य : गोकुळचा दुधाचा टँकर.]

कल कुणाकडं, हे पक्षावरून काढायला गेलात तर फसाल. २०२१ च्या गोकुळ दूध संघाच्या निवडणुकीत काँग्रेसचे सतेज पाटील राष्ट्रवादीच्या मुश्रीफांबरोबर, तर काँग्रेसचेच पी. एन. पाटील समोर महाडिकांबरोबर होते. तिथं मतदान घराघराचं नसतं, दूध संस्थेनं ठराव करून दिलेल्या एका माणसाचं असतं. त्या ठरावासाठी केलेल्या जोडण्या पुढं विधानसभेला उपयोगी पडतात. शेतातल्या कामासारखा इथंही पैरा असतो, आज तू माझ्याकडं, उद्या मी तुझ्याकडं, आणि तो फेडावा लागतो. २०२५ मध्ये राहुल पाटील अजित पवारांच्या राष्ट्रवादीत गेले. म्हणजे नरके आणि पाटील, दोघंही आता महायुतीत!

[दृश्य : छापील तक्ता, त्यावर फिरणारं बोट.]

गावाचा कल बघायचा तर नमुना २० काढा. केंद्रवार मतं त्यात असतात. २०२४ च्याच मे महिन्यात लोकसभेला याच करवीरनं काँग्रेसच्या शाहू छत्रपतींना मोठं मताधिक्य दिलं आणि सहा महिन्यांनी शिंदेंच्या शिवसेनेचा आमदार निवडला. दोन तक्ते शेजारी ठेवताना मात्र केंद्राचा नंबर नव्हे, गावाचं आणि शाळेचं नाव जुळवा. केंद्रांची फेररचना झाली की नंबर सरकतात, आणि एका गावाची मतं दुसऱ्याच्या खात्यात वाचली जातात.