सम्राटाला देव केलं, खर्च गावकऱ्यांनी केला

(दृश्य: ड्रोन. झाडीतून वर येणारे पांढरे खांब)

तुर्कस्तानच्या नैर्ऋत्य भागात, गेयरे गावाला लागून, अफ्रोडिसियस पसरलं आहे. ग्रीकांची प्रेमदेवता अफ्रोडायटी, तिचं हे शहर. संगमरवराची खाण वेशीपासून जेमतेम दोन किलोमीटरवर, त्यामुळे इथल्या पोराच्या हाती छिन्नी लवकरच येत असणार.

ही मोकळी वाट पाहा. रुंदी 14 मीटर, लांबी 90 मीटरच्या आसपास. दोन्ही बाजूंना तीन मजली ओवऱ्या, या टोकाला महाद्वार, त्या टोकाला उंच चौथऱ्यावर देऊळ. हे सेबास्तेऑन, म्हणजे रोमच्या सम्राटांचं पूजास्थान. साधारण इ.स. 20 ते 60 या काळात ते उभं राहिलं. मधे भूकंपाने बांधकामाला तडे गेले, ते दुरुस्त करून काम पुढे चाललं.

(दृश्य: शिलालेखाची अक्षरं, जवळून)

ही ग्रीक अक्षरं नीट बघा. वास्तू कुणाला अर्पण केली? अफ्रोडायटीला, देवरूप सम्राटांना आणि शहरातल्या लोकांना. पैसे कुणाचे? रोमचे नव्हेत. इथल्याच दोन घराण्यांचे. महाद्वार आणि उत्तरेची ओवरी मेनांडर आणि युसेबीस या भावांकडे, देऊळ आणि दक्षिणेची ओवरी डायोजेनिस आणि अत्तालोस या भावांकडे. अत्तालोस वारला, तेव्हा त्याचा वाटा त्याच्या बायकोने, अत्तालिस अफियोनने उचलला. आपल्या देवळांच्या पायऱ्यांवर देणगीदारांची नावं असतात, तसाच हा मामला. फक्त इथे देणगीदाराने अख्खी ओवरी बांधून दिली आहे.

आणि हे एका शहराचं वेड नव्हतं. इ.स.पू. 29 मध्ये पर्गामोन शहरात रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याचं देऊळ उभारायची परवानगी आशिया प्रांतानेच, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानाने, मागून घेतली होती. तेव्हा त्याचं नाव ऑक्टेव्हियन होतं. इ.स. 26 मध्ये त्याच्यानंतरचा सम्राट तिबेरियस याच्या देवळाचा मान आपल्यालाच मिळावा म्हणून अकरा शहरं रोमच्या सिनेटपुढे भांडली. मान स्मर्नाने, आजच्या इझमीरने, पटकावला. त्याच्या आदल्याच वर्षी स्पेनकडून अशीच विनंती आली, तर तिबेरियसने ती साफ नाकारली होती. मी माणूस आहे, असं तो म्हणाल्याचं रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो. देव व्हायची घाई सम्राटापेक्षा प्रांतांनाच जास्त होती, ती अशी.

(दृश्य: संग्रहालयाचं दालन. भिंतीभर कोरीव फलक)

फलक मूळचे दोनशेच्या घरात होते. बसायचे दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यावर, खांबांच्या मधे. मिरवणूक खालून चालायची, बळीचा बैल पुढे, आणि मान वर केली की सम्राट थेट देवांच्या रांगेत.

उत्तरेच्या ओवरीत देशोदेशीचे लोक बायकांच्या रूपात उभे. तळाशी नावं: दासियन (आजच्या रोमानियाकडचे), ज्यू, इजिप्शियन, क्रीट बेट. घडवणाऱ्यांनी यातले किती देश पाहिले असतील? पण पदराची चुणी न् चुणी मन लावून काढली आहे.

(दृश्य: क्लॉडियस आणि ब्रिटानिया. कॅमेरा खालून वर)

हा सम्राट क्लॉडियस. डोक्यावर शिरस्त्राण, पाठीवर झूल, बाकी अंग उघडं, ग्रीक वीराला शोभेल असं. खाली ब्रिटानिया, म्हणजे बाईच्या रूपातलं ब्रिटन. त्याचा गुडघा तिच्या मांडीवर, तिचे केस त्याच्या मुठीत. तिचा एक हात वर आलेला. ब्रिटनवर स्वारी झाली इ.स. 43 मध्ये. खरा क्लॉडियस लंगडत चालायचा. दगडात त्याचा मागमूस नाही.

(थांबा. निवेदन नाही. चेहऱ्यावर आठ सेकंद)

ब्रिटनमध्येही कामुलोदुनमला, आजच्या कोल्चेस्टरला, याच क्लॉडियसचं देऊळ उभं राहिलं. पुजारीपणाच्या खर्चात तिथल्या लोकांची घरं धुऊन निघाली आणि इ.स. 60-61 मध्ये तिथली राणी बुडिका हिच्या उठावात ते देऊळ जळालं.

(दृश्य: निरो आणि आर्मेनिया)

पुढचा फलक सम्राट निरोचा. कोसळणाऱ्या आर्मेनियाला त्याने दंडांना धरून उचललं आहे, तिच्या डोक्यावर पौर्वात्य टोपी. आता तळाकडे या. अक्षरांच्या रांगेत इथे खड्डा दिसतो ना? तिथे ‘निरो’ होतं. इ.स. 68 मध्ये तो गेला आणि कुणीतरी छिन्नी घेऊन एवढंच नाव तासून काढलं. बाकीच्या पदव्या तशाच ठेवल्या. दुसऱ्या एका फलकावर आई आग्रिपिना त्याच्या डोक्यावर लॉरेलच्या पानांचा मुकुट ठेवते आहे. इ.स. 59 मध्ये त्याने तिला ठार करवलं.

(दृश्य: जुनी उत्खननाची छायाचित्रं)

सातव्या शतकातल्या भूकंपात सगळं आडवं झालं. 1979 मध्ये पुरातत्त्वज्ञ केनान एरिम यांच्या पथकाच्या हाती हे फलक लागू लागले, ऐंशीच्या आसपास मिळाले. 2008 पासून त्यांचं स्वतंत्र दालन आहे.

(दृश्य: छिन्नीचे घाव असलेले फलक)

हे घाव मात्र भूकंपाचे नाहीत. शहर ख्रिस्ती झाल्यावर देवांचे आणि यज्ञाचे काही फलक मुद्दाम फोडले. अफ्रोडायटीही सुटली नाही, आणि ती तर घरची देवी. सम्राटांचे बहुतेक फलक मात्र तसेच राहू दिले. तोवर त्यांच्यात देव कुणाला दिसत नसावा.