घारापुरीचा अर्धनारीनटेश्वर

(दृश्य: घारापुरीचं मोठं लेणं, दक्षिणेची भिंत.)

गेटवेवरून लाँचनं आलेली बहुतेक मंडळी पायऱ्या चढून दम खात थेट त्रिमूर्तीपुढे उभी राहतात, फोटो काढतात आणि वळतात. आपण जरा डावीकडे सरकू. सुमारे पाच मीटर उंचीचा हा अर्धनारीनटेश्वर. सहाव्या शतकातलं काम. पायांकडचा भाग फुटलाय. तरी जे उरलंय ते सावकाश बघण्यासारखं आहे.

(दृश्य: कॅमेरा मूर्तीवर, डावीकडून उजवीकडे.)

आपल्या डाव्या हाताची बाजू शिवाची. त्याचा एक हात नंदीवर रेललाय, जुन्या मित्राच्या खांद्यावर टाकावा तसा. मागच्या हातात नाग. उजवीकडे पार्वती: स्तन, कमरेचा बाक, मुकुटाखालून सुटलेल्या कुरळ्या बटा आणि वरच्या हातात आरसा.

आता कॅलेंडरवरचा अर्धनारीनटेश्वर आठवा. पट्टी लावून मधोमध रेघ मारलेली असते, इकडे राखाडी, तिकडे गोरा. इथं चेहऱ्यावर अशी रेघ शोधून सापडत नाही. चेहरा सलग, एकच. आणि मूर्ती सरळ उभीही नाही. भार नंदीकडे गेलाय, कंबर पार्वतीच्या बाजूनं बाहेर आलीय. निम्मं-निम्मं वाटून देण्यात शिल्पकाराला काही रस दिसत नाही.

हे मुद्दाम सांगायचं कारण असं, की ‘आतल्या स्त्री-पुरुषाचा समतोल’ हा विषय आता मोबाइलवर जोरात विकला जातो. बाईनं मऊ व्हावं, पुरुषानं पुढाकार घ्यावा, की झाला समतोल! हा सल्ला आपल्या पणजीलाही मिळाला होता, तोही फुकट.

(दृश्य: जुनी छायाचित्रं, झुरिक.)

आधुनिक मानसशास्त्रात या विषयाला वजन दिलं स्वित्झर्लंडच्या कार्ल युंगनं. पुरुषाच्या अबोध मनात एक स्त्री वावरते, तिला त्यानं नाव दिलं अ‍ॅनिमा. स्त्रीच्या मनातला पुरुष तो अ‍ॅनिमस. स्वतःतलं जे आपण कबूल करत नाही, ते समोरच्यावर टाकतो, असं त्याचं म्हणणं. घरोघरी दिसतं हे. घरातलं सगळं हळवेपण नवरा बायकोकडे सोपवून मोकळा होतो आणि वर तिच्या रडण्यावर वैतागतो. पण विचार पुरुषाकडे आणि भावना बाईकडे, ही जुनी वाटणी युंगनंही फारशी हलवली नाही.

ती हलवली अमेरिकेतल्या सँड्रा बेम यांनी, १९७४ मध्ये. तोवरच्या चाचण्यांत साधारण एकच पट्टी असायची. एका टोकाला पुरुषीपण, दुसऱ्याला बायकीपण. इकडे सरकलात की तिकडून कमी. बेम यांनी दोन वेगळ्या पट्ट्या केल्या. साठ गुणविशेषांची यादी: वीस पुरुषी समजले जाणारे, वीस बायकी समजले जाणारे, वीस कुणाचेच नसलेले. ठामपणात वरचा नंबर असलेला माणूस मायेतही वरचा असू शकतो, हे आता आकड्यांत मांडता आलं. पुढच्या अभ्यासांतून मात्र एक गोम निघाली. आत्मसन्मानाशी जास्त मेळ बसत होता तो पुरुषी गुणांचाच. मला यात माणसाच्या मनापेक्षा जगाच्या बक्षीस वाटण्याच्या सवयीच जास्त दिसतात.

(दृश्य: आळंदी, इंद्रायणीचा घाट.)

ज्ञानदेवांनी अमृतानुभवाच्या आरंभीच शिव-शक्तीला वंदन केलंय. तिथं एक फार घरगुती चित्र येतं. घरात माणसं दोनच. धनी अंथरुणावर पडला, की धनीण जागी राहते आणि दोघांचाही संसार एकटीच चालवते. बायको गेल्यावर मुलीची वेणी घालायला शिकलेला बाप पाहिलाय? तीन पेडांतला एक सुटतो, तो जिभेचं टोक दातात धरून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. किंवा नवऱ्यामागे सातबाऱ्यावर नाव चढवायला तलाठ्याकडे चकरा मारणारी, बांधावर भावकीशी दोन हात करणारी बाई. त्या वेळी ते कुठलीही शक्ती ‘जागवत’ नसतात. दुसऱ्याच्या वाट्याचं काम अंगावर आलं आणि ते करणारं कुणीतरी आतच निघालं.

वारकऱ्यांना हे नवं नाही. कमरेवर हात ठेवून उभ्या देवाला ते विठाई म्हणतात. संन्याशाचं पोर म्हणून ज्याला हिणवलं, त्या एकविसाव्या वर्षी समाधी घेतलेल्या तरुणाला माउली म्हणताना कुणाची जीभ अडखळत नाही. विराण्या आणि गौळणींमधून संतमंडळी सरळ बाई होऊन बोलतात, आणि त्यापायी त्यांचं पुरुषपण कुणी काढलेलं नाही.

उलट दिशेचा रस्ता मात्र एवढा मोकळा नव्हता.

(दृश्य: वैजापूर तालुक्यातलं शिऊर.)

सतराव्या शतकातल्या संत बहिणाबाई या शिऊरच्या. लहानपणीच लग्न झालं, नवरा वयानं कितीतरी मोठा, वैदिक ब्राह्मण. त्यांनी गुरू मानलं ते तुकोबांना. भक्तीपायी नवऱ्याचा मार खाल्ला, हे त्यांनी स्वतःच आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत लिहून ठेवलंय. वेद-पुराणं ओरडून सांगतात की बाईच्या संगतीत हित नाही. मग बाईचाच देह घेऊन आलेल्या मी परमार्थ साधायचा कसा, असा त्यांचा रोकडा सवाल.

त्यांनी घर सोडलं नाही. पतिव्रतेच्या धर्मावर त्यांनी अभंग रचले. आजच्या वाचकाला ते जड जातात, जाऊ देत. त्याच हातांनी त्यांनी वज्रसूची हा संस्कृत ग्रंथ मराठी अभंगांत आणला. ब्राह्मण नेमकं म्हणायचं कुणाला? जातीला, देहाला, की ज्ञानाला? एकेक पर्याय घेऊन खोडत जाणारा हा कोरडा, पंडिती वाद. तोही वेदपाठी नवऱ्याच्या घरात, चूल-मूल सांभाळून.