दोन रकाती, चार हजार रुपये आणि भागानगर

श्रोतेहो, नमस्कार. अस्सलामु अलैकुम.

मी सोलापूरची. विजापूर वेशीजवळ माझं शिवणकाम चालतं. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, आणि लग्नसराईत शरारे-घागरे. वय 47. मालक जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी सासरी, मुलगा पुण्याला नोकरीला. गेल्या हिवाळ्यात मी शुक्रवारी रात्री गाडीत बसले आणि सोमवारी पहाटे परत आले. मधले दोन दिवस हैदराबादला होते, एकटी. पर्समध्ये मोजून 4,000 रुपये. त्यात गाडीभाडं, मुक्काम, खाणं, फिरणं आणि खरेदी, सगळं बसवायचं होतं आणि ते बसलं. त्या दोन दिवसांबद्दल आज तुमच्याशी बोलायचं आहे.

निघायच्या आधी घरात आणि गल्लीत प्रश्न एकच. "मेहरम कोण आहे सोबत?" ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मेहरम म्हणजे नवरा, किंवा बाप, भाऊ, मुलगा, असा ज्याच्याशी निकाह कधी होऊच शकत नाही तो जवळचा पुरुष. बाईने लांबच्या प्रवासाला त्याच्याशिवाय जाऊ नये, असं आमच्याकडचे बरेच आलिम, म्हणजे धर्माचे जाणकार, सांगतात. वाट सुरक्षित असेल तर जायला हरकत नाही, असं म्हणणारेही आलिम आहेत. मी दोन्हीकडचं ऐकलं. माझ्या मनात हजच्या नियमाची गोष्ट होती. 2018 पासून आपल्याकडून 45 वर्षांवरच्या बायकांना मेहरमशिवाय हजला जाता येतं. तेव्हा अनेक घरांत यावर बोलणं झालं होतं, आमच्याही घरात झालं. मी अम्मीला विचारलं. ती 70 च्या पुढची, ओसमानाबादकडची, आता धाराशिव म्हणतो ते. ती म्हणाली, "बेटा, तू दुकान एकटी चालवतेस, लाइटबिल एकटी भरतेस, मग बांगड्या आणायला का अडतेस?" एवढं बोलून तिने तिची जुनी जानमाज, नमाज पढायची चटई, घडी घालून माझ्या हातात दिली.

प्रवासात नमाजेचं काय, हे मला बऱ्याच मैत्रिणी विचारतात, हिंदू मैत्रिणीही. आमच्या धर्मात मुसाफिराला सवलत आहे. ठरावीक अंतराच्या पुढे, साधारण 78 किलोमीटरच्या पुढे गेलात आणि तिथला मुक्काम पंधरा दिवसांपेक्षा कमी असेल, तर चार रकातींची फर्ज, म्हणजे सक्तीची, नमाज दोनच रकाती पढायची. रकात म्हणजे उभं राहणं, वाकणं आणि कपाळ टेकणं मिळून नमाजेची एक फेरी. याला कस्र म्हणतात. जोहर दुपारची, असर संध्याकाळच्या आधीची आणि इशा रात्रीची, या तीन नमाजा आखूड होतात. पहाटेच्या फजरच्या दोन आणि सूर्यास्तानंतरच्या मगरिबच्या तीन तशाच राहतात. सोलापूरहून हैदराबाद 300 किलोमीटरहून लांब, म्हणजे मी मुसाफिर. लहानपणापासून हे माहीत होतं, पण एकटीच्या प्रवासात ते कधी वापरलं नव्हतं. गाडी सोलापूर सोडून वाडीच्या दिशेने लागली तेव्हा बर्थवर बसल्या बसल्या वाटलं, प्रवासात माणूस दमतो, घाईत असतो, हे कुणीतरी आधीच ओळखून ठेवलं आहे.

पहाटे हैदराबादच्या नामपल्ली स्टेशनला उतरले. फजर बायकांच्या वेटिंग रूममध्ये पढले. वुजूसाठी, म्हणजे नमाजेआधी हात-पाय-तोंड धुवायला, बाटलीत पाणी होतं, किबला, म्हणजे मक्केची दिशा, फोनवर बघितला. तिथून बाहेर पडले आणि पहिला धक्का बसला. स्टेशनजवळच्या एका लॉजवर मी फोन करून खोली सांगून ठेवली होती. काउंटरवरच्या माणसाने माझ्यामागे कुणी आहे का ते बघितलं आणि म्हणाला, अकेली लेडीज को नहीं देते. आधार कार्ड दाखवलं, पैसे आधी देते म्हटलं, तरी नाही. पहाटेच्या थंडीत हातात पिशवी घेऊन मी त्या पायऱ्यांवर उभी होते. रडू आलं नाही, पण घशात काहीतरी अडकलं होतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण एकटीने निघणाऱ्या बाईला अशा प्रसंगाची तयारी हवी. त्यानंतर चौथ्या ठिकाणी एका नवरा-बायकोच्या छोट्या लॉजमध्ये 800 रुपयांत खोली मिळाली. बाईने स्वतः वर येऊन कडी नीट लागते का ते बघितलं. पुढच्या वेळी फोनवर पहिलं वाक्य हेच बोलायचं: मी एकटी बाई आहे, चालेल का?

शनिवारचा नाश्ता खिचडी-खीमा. पिवळी खिचडी, वर खीमा, बाजूला चिंचेचं आंबटगोड खट्टं. हैदराबादचा सकाळचा नाश्ता तोच. पोटभर खाल्लं तर दुपारच्या जेवणाचे पैसे वाचतात. जुन्या शहरात हलाल आहे का असं विचारावं लागत नाही, ही माझ्यासारखीला केवढी मोकळीक असते ते सांगता येत नाही.

नामपल्लीहून मेट्रोने एमजीबीएसला, म्हणजे मोठ्या बसस्टँडच्या स्टेशनला, उतरले आणि मुसी नदी ओलांडून पायी चारमिनारकडे गेले. चारमिनार गोवळकोंड्याचा सुलतान मुहम्मद कुली कुतुबशाह याने 1591 मध्ये बांधला. त्याच साली हिजरी सन 1000 सुरू झालं. तिकीट 25 रुपये. आतला जिना मिनारातून गोल गोल वर जातो, पायऱ्या उंच आणि अंधाऱ्या, साडी किंवा बुरखा असेल तर एका हाताने वर धरूनच चढावं लागतं. वर सगळ्यात उंच मजल्यावर पश्चिमेला मशीद आहे, तिथे आता जाऊ देत नाहीत. पण पहिल्या मजल्याच्या कमानीतून चारही दिशांचे चार रस्ते दिसतात. आमच्या जुन्या मराठी कागदांत या शहराचं नाव भागानगर. शिवाजी महाराज 1677 मध्ये तेव्हाच्या कुतुबशाहच्या भेटीला याच शहरात आले होते. तिथे उभी असताना शाळेतल्या इतिहासाच्या बाईंची फार आठवण आली.

शेजारच्या मक्का मशिदीत मी अंगणातच बसले. मशिदीचं बांधकाम कुतुबशाहीत सुरू झालं आणि 1694 मध्ये औरंगजेबाच्या काळात पुरं झालं. अंगणात कबुतरं, एका बाजूला निजामांच्या कबरी. आमच्या अम्मीचं गाव पूर्वी याच निजामांच्या राज्यात होतं. हाली सिक्का या नावाचे निजामी पैसे तिने लहानपणी हाताळले आहेत. घरात आम्ही दख्खनी उर्दू बोलतो, तीही याच मातीतली. आणि बघा, हैदराबादच्या माणसाला काही नको असेल तर तो काय म्हणतो? "नक्को." आपल्या मराठीतला "नको" तिथे रोज, चहाच्या टपरीवर, रिक्षात, सगळीकडे ऐकू येतो. "आत्ताच" मधला आपला "च" सुद्धा त्यांच्या बोलीत आहे. मला परक्या गावात आल्यासारखं कुठेच वाटलं नाही, त्याचं अर्धं कारण हे "नक्को" आहे.

आता लाडबाजार. चारमिनारच्या पश्चिमेला निघणारा रस्ता, दोन्ही बाजूंनी बांगड्या. दुकानं सकाळी उशिरा उघडतात. बोहनीच्या वेळी गेलं तर भाव लवकर उतरतो. मला बांगड्या हव्याच होत्या, पण कामाचं म्हणून गोटा, म्हणजे जरीची पट्टी, लेस आणि खडा दुपट्टाही बघायचा होता. खडा दुपट्टा हा हैदराबादी नवरीचा पोशाख. दुपट्टा सहा वार लांब, खांद्यांवर टाचतात आणि तो अंगावर असा बसतो की चालताना सरकत नाही. आपली नऊवारी नेसवताना जसं हातालाच कळतं, तसंच तेही. एका दुकानातल्या मुलीने पुतळ्यावर तो दोनदा उलगडून पुन्हा लावून दाखवला. विकत घेणार नाही हे मी आधीच सांगितलं होतं. ती म्हणाली, "कोई बात नहीं आपा, आप भी तो सीतेच है ना."

एका गल्लीत लाखेच्या बांगड्यांचा कारागीर बसला होता. लाख झाडाच्या फांदीवरच्या किड्यांपासून येते. शेगडीवर निखारे, त्यावर लाखेचा गोळा मऊ होतो. तो काठीला लावून फिरवत राहायचं, रंग चढवायचा, लांब दोरीसारखा ओढायचा, चपटा करायचा, मापाला कापायचा आणि गरम असतानाच टोकाला टोक जोडून कडं करायचं. मग आणखी ऊब देऊन एकेक खडा बसवायचा. लाख थंड झाली तर खडा बसत नाही, जास्त गरम झाली तर बुडतो. मी त्याची बोटं बघत होते. अंगठा आणि पहिलं बोट, दोन्ही टोकांना कातडी कडक आणि गुळगुळीत झालेली, जशी माझ्या मधल्या बोटाला सुईने झाली आहे. एका बांगडीला किती खडे म्हणून विचारलं तर तो मोजत नाही म्हणाला, हात मोजतात. या बांगड्यांना 2024 मध्ये जीआय, म्हणजे त्या गावाची खास वस्तू म्हणून, मानांकन मिळालं. त्याच्याकडच्या दोन जोडांसाठी मी घासाघीस केली नाही. रस्त्यावरच्या दुकानात मात्र केली. अर्ध्याच्या जवळ सुरुवात करायची, हसत बोलायचं, डझनाच्या हिशेबाने मागायचं. मोत्यांच्या दुकानांत मी गेले नाही. मोती तिथे पिकत नाहीत, बाहेरून येतात आणि तिथे भोकं पाडून, घासून तयार होतात. त्यातलं मला कळत नाही, आणि न कळणाऱ्या वस्तूवर शिल्लक पैसे घालायचे नव्हते.

खरेदीच्या नादात असरची वेळ झाली. बाईला बाजारात नमाज पढायला जागा ही मोठी अडचण आहे, श्रोतेहो. पुरुष कुठल्याही मशिदीत शिरतो. आमच्यासाठी बहुतेक ठिकाणी सोय नसते, आणि मला हे मनापासून बोचतं. आमच्या शहरातही हीच स्थिती आहे. लेसच्या दुकानातल्या मालकिणीला मी विचारलं. ती साठीची असेल. तिने काही न बोलता मागच्या खोलीतल्या कापडाच्या ताग्यांचा ढीग सरकवला, नळ दाखवला आणि पडदा ओढला. अम्मीची जानमाज दोन ताग्यांच्या मधे बरोबर मावली. दोन रकाती. बाहेर तिचा नोकर गिऱ्हाइकाला "मीटर साठ रुपये" सांगत होता आणि आत मी सजद्यात, कपाळ टेकून, होते. उठून बाहेर आले तर तिने इराणी चहाचा कप पुढे केला आणि म्हणाली, "मुसाफिर की दुआ कबूल होती है, मेरे लिए भी करना." मी केली. अजूनही करते.

रविवारी सकाळी सिटी बसने गोवळकोंड्याला. तेलंगणात बायकांना 2023 च्या डिसेंबरपासून बसचा प्रवास मोफत आहे, पण तो तिथल्या रहिवाशांना. कंडक्टरने माझ्या आधारवर महाराष्ट्र बघून तिकीट फाडलं, आपल्या एसटीची अर्धी सवलतही राज्याच्या हद्दीपर्यंतच असते, तसंच ते. किल्ल्यात फतेह दरवाज्याच्या कमानीखाली टाळी वाजवली की आवाज वर बाला हिसारपर्यंत पोचतो म्हणतात. खाली एका शाळेच्या सहलीतली पोरं टाळ्या वाजवत होती. मी वर पोचले तेव्हा ऐकत बसले, आणि खरंच, पुसट पण स्वच्छ टाळी आली. औरंगजेबाला हा किल्ला 1687 मध्ये आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर मिळाला. चढताना त्याचं कारण पायांना कळतं.

दुपारी सालारजंग संग्रहालय. ते शुक्रवारी बंद असतं, म्हणून रविवार ठेवला होता. तासाच्या ठोक्याला घड्याळापुढे गर्दी जमते, छोटा दाढीवाला पुतळा बाहेर येऊन घंटा वाजवतो, ते छान आहे. पण मी थांबले ती दुसरीकडे. बेंझोनी या इटलीच्या शिल्पकाराचा संगमरवरी पुतळा आहे, बुरख्यातली रिबेका, बायबलमधली. हैदराबादचे दिवाण पहिले सालारजंग यांनी तो 1876 मध्ये इटलीतून घेतला. चेहऱ्यावरून पातळ कापड खाली आलं आहे, आणि कापडातून नाक, ओठ, हनुवटी दिसते. सगळं एकाच दगडातलं. मी 25 वर्षं कापड कापते. जॉर्जेट कसं पडतं, मलमल कुठे चिकटते, हे माझ्या हातांना ठाऊक आहे. गालाच्या हाडावर कापड ताणलेलं आणि मानेजवळ सैल झालेलं, तिथली एकेक चुणी मी मोजली. ती चुणी बरोबर होती. शिवणाऱ्या बाईच्या तोंडून याहून मोठी दाद येत नाही. माझा दुपट्टा डोक्यावरून घसरला होता, तो नीट करताना काचेत माझं आणि तिचं डोकं शेजारी शेजारी दिसलं.

संध्याकाळी आबिडसला फुटपाथवरचा रविवारचा पुस्तकबाजार. नातवासाठी चित्रांची दोन पुस्तकं, 60 रुपये. मगरिब लॉजवर पढले, चहात उस्मानिया बिस्किट बुडवून खाल्लं, आणि रात्रीची गाडी धरली.

सोलापूरला उतरले तेव्हा पर्समध्ये 140 रुपये उरले होते. रिक्षाचे वजा जाता साठ. पिशवीत लाखेचे दोन जोड, काचेच्या तीन डझन बांगड्या, गोटा दहा मीटर, लेसचे चार नमुने. एक जोड अम्मीच्या हातात घातला. तिच्या मनगटाला तो सैल झाला, तरी तिने काढला नाही. दुकान उघडलं, दोन गिऱ्हाइकं झाली, मशीनला तेल दिलं. मग अजान झाली. तीच जानमाज घरात अंथरली, आणि जोहरच्या चार रकाती पढले.