एका वर्षाचे अध्यक्ष, चाळीस वर्षांचे काम

(दृश्य : सोलापूर शहर, जुलै महिन्यातील संध्याकाळ. सभागृहात पदग्रहण समारंभाची तयारी.)

जून संपून जुलै लागला की सोलापूरच्या वर्तमानपत्रांतील स्थानिक पानांवर रोटरी क्लबांच्या पदग्रहण समारंभांच्या बातम्या येऊ लागतात. मावळते अध्यक्ष नूतन अध्यक्षांकडे सूत्रे सोपवतात, सचिव आणि खजिनदार आपापली जबाबदारी स्वीकारतात, आणि येत्या वर्षातील उपक्रम जाहीर होतात. रोटरी या सेवाभावी क्लबांच्या जागतिक संघटनेचे वर्ष 1 जुलैला सुरू होते व 30 जूनला संपते. क्लबच्या अध्यक्षापासून जागतिक अध्यक्षापर्यंत साधारणपणे सर्वांना काम करायला हे एवढेच वर्ष मिळते. ज्या संघटनेचे प्रमुख बारा महिन्यांत पायउतार होतात, तिने पोलिओ निर्मूलनासारखे चार दशकांचे काम अंगावर कसे घेतले आणि ते मध्येच न सोडता कसे चालवले, हे या माहितीपटातून आपण समजून घेणार आहोत.

23 फेब्रुवारी 1905 रोजी शिकागो शहरात पॉल हॅरिस नावाचे वकील आपल्या तीन परिचितांना भेटले. एक कोळशाचे व्यापारी, दुसरे खाण अभियंता आणि तिसरे शिंपी. वेगवेगळ्या व्यवसायांतील माणसांनी नियमाने एकत्र यावे, परस्परांशी मैत्री करावी, एवढाच या भेटीचा हेतू होता; सेवेचा विचार नंतर आला. या भेटीतून उभ्या राहिलेल्या पहिल्या रोटरी क्लबने 1907 मध्ये शिकागोत सार्वजनिक स्वच्छतागृह उभारण्याचे काम हाती घेतले, आणि तेथून पुढे मैत्रीला सेवेची जोड मिळाली. आज जगभर रोटरीचे सुमारे 12 लाख सभासद आहेत.

(दृश्य : क्लबची साप्ताहिक सभा. टेबलाभोवती डॉक्टर, व्यापारी, शिक्षक, यंत्रमाग कारखानदार.)

या रचनेतील एक गोष्ट बाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. रोटरी इंटरनॅशनल ही क्लबांची संघटना आहे. तिचे सभासदत्व क्लबला मिळते, आणि व्यक्ती क्लबची सभासद असते. त्यामुळे सोलापुरातील एखाद्या क्लबने यंदा शाळेत पिण्याच्या पाण्याची सोय करायची की विडी कामगार महिलांसाठी आरोग्य शिबिर घ्यायचे, हे अमेरिकेतील इव्हॅन्स्टन येथील मुख्यालय सांगत नाही. तो निर्णय क्लबचे संचालक मंडळ घेते, कारण पूर्व भागातील गल्ल्यांत कशाची उणीव आहे हे त्यांनाच अधिक ठाऊक असते. आमच्या मते संघटनेचे खरे बळ याच स्वायत्ततेत आहे.

अनेक क्लब मिळून एक प्रांत होतो. सोलापूरचे क्लब प्रांत 3132 मध्ये येतात. प्रांताचे नेतृत्व प्रांतपाल करतात, आणि ते पूर्वी क्लबचे अध्यक्ष राहिलेले असावे लागतात. प्रांतपाल प्रत्येक क्लबला भेट देतात, नव्या क्लबांच्या स्थापनेला चालना देतात आणि क्लब व जागतिक संघटना यांच्यातील दुवा म्हणून काम पाहतात; मात्र क्लबवर हुकूम चालवण्याचा अधिकार त्यांना नाही. त्यांची निवड पदभार घेण्याच्या किमान दोन वर्षे आधी झालेली असते. म्हणजे कोणत्याही वेळी प्रांतात आजचे प्रांतपाल, उद्याचे प्रांतपाल आणि परवाचे प्रांतपाल एकाच वेळी तयारीत असतात. एका वर्षाच्या पदामागे अशी काही वर्षांची साखळी असते, आणि काम अखंड चालण्याचे पहिले कारण तेच आहे.

या सर्वांच्या वर जागतिक अध्यक्ष आणि 19 जणांचे संचालक मंडळ असते. अध्यक्ष व नियोजित अध्यक्ष धरून ही संख्या होते. उरलेले 17 संचालक जगाच्या वेगवेगळ्या विभागांतून येतात आणि दोन वर्षे काम पाहतात. अध्यक्षपद भूषवणाऱ्यांमध्ये कोलकात्याचे नितीश लाहरी, चंदीगढचे राजेंद्र साबू, वापीचे कल्याण बॅनर्जी आणि कोलकात्याचेच शेखर मेहता हे चार भारतीय आहेत.

पण नियम बदलण्याचा अधिकार अध्यक्षांकडे नाही. दर तीन वर्षांनी भरणाऱ्या रोटरीच्या स्वतःच्या विधान परिषदेत (कौन्सिल ऑन लेजिस्लेशन) प्रत्येक प्रांताचा एक प्रतिनिधी बसतो आणि संघटनेची घटना तेथे बदलते. या व्यवस्थेची गती किती संथ असू शकते, हे महिलांच्या सभासदत्वाच्या प्रश्नावरून दिसले. कॅलिफोर्नियातील डुआर्टे येथील क्लबने 1977 मध्ये तीन महिलांना सभासद करून घेतले, तेव्हा त्या क्लबची मान्यताच काढून घेण्यात आली. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले, 1987 मध्ये निकाल महिलांच्या बाजूने लागला, आणि 1989 च्या विधान परिषदेने सभासदत्वासाठी पुरुष असण्याची अट घटनेतून काढली. कॅनडाच्या जेनिफर जोन्स या 2022-23 मध्ये पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. सेवा हे ब्रीद मानणाऱ्या संघटनेने निम्म्या समाजाला इतकी वर्षे दाराबाहेर ठेवावे, ही गोष्ट खटकते, आणि ती झाकून ठेवण्यात काही अर्थ नाही.

पैशाची व्यवस्था वेगळी आहे. 1917 मध्ये तेव्हाचे अध्यक्ष आर्च क्लम्फ यांनी कायमस्वरूपी निधीची कल्पना मांडली, आणि त्यात पहिली देणगी 26.50 डॉलरची आली. त्यातूनच पुढे रोटरी फाउंडेशन उभे राहिले. त्याचा कारभार 15 विश्वस्त पाहतात आणि त्यांची मुदत चार वर्षांची असते. सभासदांनी वार्षिक निधीत दिलेली रक्कम लगेच खर्च होत नाही. ती तीन वर्षे गुंतवली जाते आणि त्यानंतर तिचा जवळजवळ अर्धा भाग त्याच प्रांताच्या कामांसाठी परत येतो. यंदाच्या अध्यक्षांनी गोळा केलेला पैसा तीन वर्षांनंतरच्या अध्यक्षांच्या हाती पडतो, त्यामुळे स्वतःच्या वर्षापलीकडे पाहणे त्यांना भागच पडते. मोठ्या जागतिक अनुदानासाठी प्रकल्प किमान 30,000 डॉलरचा असावा लागतो आणि त्यात दोन देशांतील क्लबांचा सहभाग आवश्यक असतो. म्हणून सोलापूरच्या क्लबला असे अनुदान हवे असेल, तर परदेशातील एखाद्या क्लबला आपल्या भागाची गरज नेमक्या शब्दांत पटवून द्यावी लागते.

(दृश्य : पोलिओ लसीकरणाचे केंद्र. बाळाच्या करंगळीवर शाईची खूण.)

या सगळ्या रचनेची परीक्षा पोलिओने घेतली. 1979 मध्ये फिलिपिन्समधील लसीकरणापासून सुरुवात झाली आणि 1985 मध्ये रोटरीने जगातील सर्व बालकांना पोलिओची लस मिळावी असा संकल्प केला. 1988 मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि अमेरिकेचे रोग नियंत्रण केंद्र यांच्यासह जागतिक मोहीम उभी राहिली. त्या वर्षी 125 देशांत मिळून अंदाजे 3,50,000 बालकांना पोलिओ झाला होता.

भारतात सरकारची पल्स पोलिओ मोहीम 1995 पासून देशभर सुरू झाली. लस देण्याचे मुख्य काम परिचारिका, अंगणवाडी सेविका आणि आरोग्य कर्मचाऱ्यांनी केले, आणि या यशाचे श्रेय सर्वप्रथम त्यांचे आहे. रोटरीचे काम त्यांना साथ देण्याचे होते : निधी उभारणे, स्वयंसेवक देणे, केंद्राची जाहिरात करणे, आणि जेथे पालक कचरत होते तेथे जाऊन समजूत घालणे. सोलापूरसारख्या शहरात, जेथे एकाच प्रभागात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी घरे शेजारी शेजारी असतात, तेथे वस्तीतला ओळखीचा माणूस दारात उभा असणे फार मोलाचे ठरते.

2009 मध्ये भारतात 741 रुग्ण आढळले होते. 2010 मध्ये ते 42 झाले. शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला. फेब्रुवारी 2012 मध्ये पोलिओचा सतत फैलाव असलेल्या देशांच्या यादीतून भारताचे नाव वगळले गेले, तेव्हा कल्याण बॅनर्जी जागतिक अध्यक्ष होते. त्या आनंदाचा क्षण त्यांच्या वर्षात आला, पण त्याआधी पंचवीसहून अधिक अध्यक्षांनी तोच संकल्प, स्वतःचा नवा संकल्प त्याच्या जागी न आणता, पुढे नेला होता. 27 मार्च 2014 रोजी भारतासह दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला.

वार्षिक पदाचा एक धोका मात्र उरतोच. नव्या अध्यक्षाला स्वतःच्या नावाचा उपक्रम हवासा वाटतो, गेल्या वर्षीचे काम मागे पडते, आणि बसवलेली पाणी शुद्धीकरण यंत्रे दुरुस्तीअभावी बंद राहू शकतात. यावर जो क्लब पुढच्या दोन अध्यक्षांना आजच्या निर्णयात बसवतो आणि जुन्या प्रकल्पांच्या देखभालीसाठी दरवर्षी तरतूद ठेवतो, त्याचे काम टिकते.

सोलापूरला निःस्वार्थ सेवेची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. याच शहरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि 1942 मध्ये तेथेच काम करता करता वारले. ते पथक काँग्रेसने पाठवलेले होते, रोटरीशी त्याचा संबंध नव्हता. तरी परक्या देशातील अनोळखी माणसासाठी आपले कौशल्य देण्याची भावना दोन्हीकडे एकच आहे.

पोलिओचा नैसर्गिक विषाणू पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात अजून टिकून आहे, आणि तो सीमा ओलांडू शकतो. म्हणूनच भारतात पोलिओ लसीकरण दिवस अजूनही पाळले जातात, आणि सोलापुरातील क्लबांचे नूतन अध्यक्ष सूत्रे हाती घेतात तेव्हा हे जुने काम त्यांच्याकडे नव्या उपक्रमांच्या आधी येते.