स्टॉपच्या पाटीपाशी

लॉस एंजेलिसचं हायलँड पार्क. वस्तीतून निघालेला एक छोटा उतार फ्रीवेला भिडतो आणि तिथेच लाल पाटी उभी आहे: स्टॉप. गाडी पूर्ण थांबवायची, मान वळवून मागून सुसाट येणाऱ्या गाड्यांत फट शोधायची, आणि दिसली की जोरात निघायचं. वेग घ्यायला जागाच नाही.

रस्ता आहे १९४० सालचा. नाव अरोयो सेको पार्कवे. अरोयो सेको म्हणजे स्पॅनिशमध्ये कोरडा ओढा. शेजारच्या पॅसाडेना शहराकडून येणाऱ्या त्या ओढ्याच्या काठाकाठाने हा रस्ता लॉस एंजेलिसच्या मध्यवस्तीत उतरतो.

याच खोऱ्यातून वेगळ्या वाटेचं स्वप्न त्याआधीच कुणीतरी पाहिलं होतं. १९०० साली पॅसाडेनाच्या होरेस डॉबिन्सने सायकलींसाठी खांबांवर उचललेला लाकडी मार्ग उघडला. टोल भरा, थेट लॉस एंजेलिसला पोचा, असा बेत होता. जेमतेम सव्वा मैल झाला आणि काम थांबलं.

चाळीस वर्षांनी मोटारींचा रस्ता आला. ३० डिसेंबर १९४० रोजी, पॅसाडेनाच्या रोझ परेडला, म्हणजे नववर्षाच्या फुलांच्या मिरवणुकीला, दोन दिवस उरले असताना, गव्हर्नर कल्बर्ट ओल्सन यांच्या उपस्थितीत उद्घाटन झालं. सिग्नल नाही, चौक नाही. आडवे रस्ते पुलांवरून किंवा खालून. अमेरिकेच्या पश्चिमेत असा फ्रीवे पहिलाच.

पण आखणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे घाई नव्हती. ओढा दिसावा, झाडी दिसावी, रस्ता डोंगराच्या अंगाने वळत जावा, म्हणून त्यांनी ताशी ४५ मैलांचा वेग धरला. दिवसाला २७,००० गाड्यांचा हिशेब. आज लाखाच्या वर धावतात, आणि वळणं तीच आहेत. मला यात त्या माणसांचा दोष दिसत नाही. त्यांनी जो प्रवास आखला, तो मनापासून आखला होता.

दक्षिणेकडे एलिसियन पार्कच्या टेकडीतले चार बोगदे तर रस्त्याहूनही जुने, १९३१ ते १९३६ मधले. आधी त्यांतून दोन्ही दिशांची वाहतूक चाले, आता फक्त पॅसाडेनाकडे जाणारी.

१९५४ मध्ये नाव झालं पॅसाडेना फ्रीवे. २०१० मध्ये जुनं नाव परत मिळालं. उतार मात्र लांबवता आले नाहीत. एका अंगाला ओढा, दुसऱ्या अंगाला घरं. एव्हेन्यू ४३ ला बाहेर पडताना पिवळी पाटी सांगते: ताशी ५ मैल.