उंचीचा सोस सोडा, तार झटपट टांगा

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'झटपट उभारता येणारी फिरती अँटेना'. ती कशी करायची ते सांगणार आहेच, सगळं सामान इथं टेबलावर मांडलंय. पण त्याआधी एक गोष्ट बोलून घेतो, कारण ती पटली नाही तर पुढच्या कृतीला अर्थ उरत नाही. कोल्हापूर जिल्ह्याला पुरात रेडिओवर बोलायला जी अँटेना लागते ती उंच नको, बुटकी हवी. बुटकी, आडवी, आणि एकट्या माणसाला भर पावसात, अंधारात टांगता येईल अशी. मागच्या रांगेतल्या जुन्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या, मंडळींच्या भुवया आत्ताच वर गेल्यात. जाऊ देत, शेवटी प्रश्नांना वेळ ठेवलाय, तेव्हा बघून घेऊ.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा आणि 43 ला धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं. 2021 च्या जुलैत पुन्हा तीच गत. शिरोलीला हायवे पाण्याखाली, पेट्रोल पंपांवर रांगा, चिखली-आंबेवाडीत माणसं माडीवर. या सभागृहात त्या दिवसांत कुणाला ना कुणाला फोन लावून थकला नाही, असा माणूस सापडायचा नाही. मोबाईलचा टॉवर विजेवर चालतो. वीज गेली की बॅटरीवर, बॅटरी उतरली की जनरेटरवर. आणि जनरेटरला डिझेल पोचवायचं तर रस्ता लागतो. रस्ताच पाण्यात असेल तर टॉवर नुसता लोखंडाचा सांगाडा. अशा वेळी बारा व्होल्टची बॅटरी, एक रिग, म्हणजे बोलायचा-ऐकायचा रेडिओ संच, आणि तार एवढ्यावर बोलता येतं, म्हणून तर आपण हा छंद जीव लावून जपतो.

आता माझी तक्रार. नाव घेणार नाही, एक कार्यालय होतं एवढं पुरे. पावसाळ्याच्या तोंडावर तिथं आपत्कालीन संपर्काची रंगीत तालीम ठरली. रिग चांगला, शंभर वॅटचा. अँटेना म्हणजे लोखंडी पाइपच्या तीन तुकड्यांचा तीस फुटी डोलारा आणि त्यावर उभी व्हर्टिकल. सामान कोठीत, कोठीची चावी एका गृहस्थांकडे, ते रजेवर. चावी आली तेव्हा चहाचे दोन फेरे झाले होते. पाइप बाहेर काढले तर जोडावरचे नट गंजून पाइपशी एकजीव झालेले. पान्हा शोधला, तो एका मापाचा, नट दुसऱ्या मापाचा. एक पोरगं मोटारसायकल घेऊन उद्यमनगरात पळालं, पाने आणले, रॉकेल टाकून, ठोकून नट सोडवले. मग ताणदोर. चार दिशांना चार खुंट्या ठोकायच्या, आणि आवार सगळं काँक्रीटचं! दोर धरायला चार माणसं उभी केली. पाचवा माणूस पाइप उचलणार, सहावा 'डावीकडं, डावीकडं' म्हणून ओरडणार. खांब उभा राहिला तेव्हा ऊन डोक्यावरून कलायला लागलं होतं.

आणि ऐकू काय आलं? दिल्लीकडचं स्टेशन खणखणीत! दक्षिणेकडचीही दूरदूरची स्टेशनं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग आपल्याच जिल्ह्यातल्या गगनबावड्याला आमचा मित्र रिग घेऊन बसला होता, त्याला हाक मारली. काही नाही. पुन्हा मारली. काही नाही. तालीम कशाची होती? तर गगनबावडा तुटला तर काय, याची. दिल्लीला पंचगंगेचा पूर सांगून बावड्यातल्या माणसाला काय उपयोग? अहवालात मात्र 'संपर्क यशस्वी' असं लिहिलं गेलं, आणि याचाच मला आजही राग आहे. कारण तो अहवाल वाचून पुढच्या वर्षी तोच डोलारा त्याच कोठीत गेला.

तिथल्या माणसांनी कष्टात कसर केली नाही. चूक अँटेनाच्या निवडीत होती. उभी अँटेना आपली ताकद क्षितिजाकडे फेकते, डोक्यावर जवळजवळ काहीच जात नाही. क्षितिजाकडे निघालेली लहर तीनेकशे किलोमीटर उंचीवरच्या आयनांच्या थरावर तिरकी आपटते आणि फार लांब जाऊन उतरते. जमिनीलगत जाणारी लहर घाटाच्या डोंगरांत जिरते. मधला सगळा पट्टा मुका. आपला अख्खा जिल्हा त्या मुक्या पट्ट्यात! व्हीएचएफचा, म्हणजे जास्त वारंवारतेचा, हँडसेट म्हणाल, तर 145 मेगाहर्ट्‌झची लहर साधारण नजरेच्या रेषेत जाते. शिरोळच्या सपाटीवर ती सोन्यासारखी चालते. पण राधानगरी, भुदरगड, चंदगड, शाहूवाडी या बाजूला दर दोन मैलांना एक डोंगर आडवा. उंच जागी रिपीटर, म्हणजे आवाज झेलून पुढे पाठवणारा संच, असला तरच निभावतं, आणि त्या रिपीटरलाही वीज लागतेच.

मग आडवी तार खाली टांगली की काय होतं? सात मेगाहर्ट्‌झला तरंगलांबी सुमारे 42 मीटर. अर्ध्या लांबीची तार, म्हणजे डायपोल, चार ते आठ मीटर उंचीवर बांधली की खालची जमीन आरशाचं काम करते आणि बहुतेक ताकद सरळ वर जाते. थरावर आपटून ती पावसासारखी खाली उतरते, आपल्या भोवती सगळीकडे. डोंगर मध्ये येतच नाही, कारण लहर डोंगरावरूनच येते. कोल्हापूरहून बावडा, चंदगड, सांगली, रत्नागिरी, बेळगाव, पुणे, थेट मुंबईपर्यंतचा टापू तिच्या आवाक्यात. हीच तार हौसेनं वीस मीटर उंच नेली तर डोक्यावरचा झोत फाटतो आणि पुन्हा दूरच्याच स्टेशनांकडे झुकतो. जितका खर्च जास्त, तितका बावडा लांब! आठ मीटर मिळाले तर फारच छान, पण चार मीटरवरही काम होतं, आवाज थोडा दबतो इतकंच.

एक मर्यादा आहे. रात्र वाढली की थर विरळ होतो आणि सात मेगाहर्ट्‌झ त्यातून आरपार निघून जातं. तेव्हा साडेतीन मेगाहर्ट्‌झच्या बँडवर, म्हणजे खालच्या वारंवारतेवर, यायचं, तार दुप्पट लांब. म्हणून दोन्ही टोकांना जोडतुकडे ठेवायचे. ते पुढे येईल.

तयारीवरून अंदमान आठवतं. 2004 च्या डिसेंबरात हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ॲमॅच्युअर रेडिओच्या भारती प्रसाद यांचं पथक पोर्ट ब्लेअरला होतं. अंदमानातून जगभरच्या हॅम मंडळींशी बोलणं व्हावं, एवढाच मूळ हेतू. 26 तारखेला त्सुनामी आली आणि त्याच पथकानं तोच रिग मदतीच्या निरोपांसाठी वापरला. त्यांची अँटेना लाट येण्याआधीच उभी होती. आपली कपाटात असते. म्हणून माझा हट्ट असा, की अँटेना कशी आहे हे मोजताना पिशवी उघडल्यापासून पहिली हाक जाईपर्यंतचा वेळही मोजायचा.

संयोजकांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिलीत. बरं, आता भरभर.

तार घरातल्या वायरिंगचीच, एक चौरस मिलिमीटरची, मऊ, बहुतंतू. लांबीसाठी 143 ला मेगाहर्ट्‌झनं भागा, मीटर येतात. 7.1 ला वीस मीटर आणि थोडी वर, म्हणजे एका बाजूला दहा. तारेवर प्लॅस्टिक आहे आणि ती जमिनीजवळ आहे, त्यामुळे प्रत्यक्षात थोडी कमीच लागते. पण आधी सव्वादहा घ्या आणि एसडब्ल्यूआर मीटर, म्हणजे तारेकडून किती ताकद परत फिरते ते दाखवणारा, लावून टोकाकडून कमी करत या. कमी करताना कापू नका, टोक उलटं दुमडून तारेलाच पिळा घाला. दुसऱ्या जागी लांबी वाढवावी लागली तर तीच तार उलगडते. एसडब्ल्यूआर दीड-दोन आला तरी बोलायला लागा, आदर्श एकासाठी झुरत बसू नका.

मधला तुकडा हा बघा, हातात घेऊन पुढे द्या. पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा, मध्ये बीएनसी सॉकेट, म्हणजे केबल खोचायची जागा. दोन्ही बाजूंना तीन-तीन भोकं आहेत. तार त्यांतून नागमोडी ओवून मग आत डाखलीय, म्हणजे ओढ बसते ती भोकांवर, डाखावर नाही. वाऱ्यात तुटतं ते नेहमी डाखापाशी. सॉकेटच्या खाली कोॲक्सचे, म्हणजे रिगकडे जाणाऱ्या केबलचे, आठ-दहा वेढे गुंडाळलेत, तो चोक. त्यानं केबलच अँटेनासारखी वागायची थांबते. सांध्यावर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप लावा आणि केबलला खाली एक झोळ सोडा, पाणी तिथून टपकेल, रिगकडे येणार नाही.

जोडतुकडे प्रत्येकी साधारण दहा मीटरचे, बुलेट कनेक्टरनं जोडायचे. दिवसा सुटे, रात्री जोडलेले. सगळी तार इंग्रजी आठच्या आकारात गुंडाळायची. नुसती गोल गुंडाळली की सोडताना हमखास गुंता होतो, आणि अंधारात गुंता सोडवणं म्हणजे अर्धा तास गेला.

टांगायची कशी? झाड असेल तर ओळंब्याएवढं वजन बारीक दोरीला बांधून फांदीवरून टाका. ओळंबा मात्र नको, टोकदार असतो, खाचेत अडकतो. वाळू भरलेली कापडी पुरचुंडी बरी. गावाकडची पोरं गोफणीनं पहिल्या फटक्यात टाकतात, आपण बाजूला उभं राहायचं. दोरी नायलॉनची, सुतळी भिजली की जड होते आणि सैल पडते. झाड नसेल तर उसाची ट्रॉली बघा. फाळक्याला बांबू आवळून बांधला की मधला टेकू झाला, दोन टोकं शाळेच्या कुंपणाला उतरती बांधा. मधला कोन नव्वद अंशांच्या खाली जाऊ देऊ नका. टोकं माणसाच्या हाताला लागणार नाहीत इतकी वर ठेवा, प्रक्षेपण चालू असताना तिथं व्होल्टेज जास्त असतं, चटका बसतो.

एकच टेकू मिळाला तर टोकाला फीड दिलेली, म्हणजे केबल मध्ये न जोडता टोकाला जोडलेली, अर्धलहर तार वापरा. तिथला रोध हजारो ओहमांत असतो, म्हणून 49 ला 1 चा ट्रान्सफॉर्मर, फेराइटच्या कड्यावर दोन आणि चौदा वेढे. त्याची आकृती नंतर माझ्याकडून घ्या.

परवाना नसेल त्यांनी तार टांगायचा सराव करावा, परवाना हातात येईपर्यंत प्रक्षेपण करू नये. वयाची बारा वर्षं पूर्ण झाली की परीक्षेला बसता येतं, समोर पोरं-पोरी आहेत म्हणून सांगतो.

आणि विजेच्या तारांखालून किंवा जवळून दोरी फेकायची नाही, कधीच नाही. पुरात वीज बंद आहे असं गृहीत धरू नका, कुणीतरी जनरेटर उलटा जोडलेला असतो. ढग गडगडायला लागले की बोलणं थांबवा, कोॲक्स रिगपासून काढा आणि तिचं टोक खिडकीबाहेर टाका. हां, मागच्या रांगेतले काका, मघापासून तुमचा हात वर आहे, विचारा.